चार गिअर मागे, एक पुढे

तीर्थरूप मामा,

शिरसाष्टांग नमस्कार. (आठ अंगं कोणती ते शाळेत शिकवलं होतं. मला पाचच आठवतात, पण अंगावर जेवढी सापडली तेवढी सगळी टेकली आहेत.)

तुझ्या गाडीचं इंजिन मी काढलं.

हे आधीच लिहून टाकलं, कारण ख्यालीखुशाली विचारता विचारता माझी दोन पानं भरतात आणि मुख्य गोष्ट राहून जाते. माझ्या बाबतीत ती मुद्दाम राहते, हे तुला माहीतच आहे. हातात गरम पातेलं असेल तर आधी खाली ठेव आणि मग पुढे वाच. काढलं म्हणजे विकलं नाही, हरवलंही नाही. त्याच्या जागी दुसरं बसवलंय. अगदी त्याच्याच जागी नाही, तिथे ते मावेना. जिथे मावलं तिथे आधी मागची सीट होती.

आता तब्येत. तुझी कशी आहे? पाच ओळींपूर्वी बरी असणार. जहाज फार हलतं का, दोनशे माणसांचा स्वयंपाक हलत्या चुलीवर कसा करतोस, आणि तो कप्तान अजून तुझ्या सूपाला नावं ठेवतो का, सगळं सविस्तर कळव. (ठेवू दे नावं. त्याला आईच्या हातचं सूप पाठवलं पाहिजे, मग तुझ्या पाया पडेल. हे आईला सांगू नकोस.) इकडे आम्ही सगळे मजेत. आईचा गुडघा बरा आहे, तिचा आवाज तर कधी आजारी पडतच नाही. मामी उत्तम आहे. इतकी उत्तम मी तिला आजवर बघितली नव्हती, आणि खरं म्हणजे हे पत्र त्याचंच आहे, पण तिथे पोचायला रस्ता इंजिनावरूनच जातो, त्याला माझा इलाज नाही. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्ये बोलतोस. पत्रात मध्ये बोलता येत नाही. पत्र ही गोष्ट ज्याने शोधून काढली त्याला नक्की मामा असणार.

तर जाताना तू गाडीच्या किल्लीला सुतळीने एक चिठ्ठी बांधून माझ्या हातात दिली होतीस. आगपेटीएवढा कागद, आणि त्यावर तुझं ते हत्तीएवढं अक्षर. ओळीला जागा संपली की तू शब्द जिथल्या तिथे मोडतोस, आडवी रेघ मारतोस आणि उरलेला तुकडा खालच्या ओळीत नेतोस. त्या चिठ्ठीत दोनच सूचना होत्या. पहिली अशी की इंजिन फिरवत जा. दुसरीकडे मी नंतर येतो. (घाई करू नकोस, पान उलटून बघू नकोस.) आता गॅरेजमध्ये इंजिन फिरवणं म्हणजे बंद गाडीच्या इंजिनाला आठवड्यातून एकदा हाताने दोन-चार वेढे द्यायचे, म्हणजे ते आतून गंजून धरत नाही. हे मला माहीत आहे. मिस्त्रींच्या गॅरेजात चार वर्षं काढलीत मी, अगदीच झाडू मारत नव्हतो. पण मामा, फिरवणं म्हणजे इकडचं तोंड तिकडे करणंसुद्धा होतं ना? पाटी फिरवतात, पाठ फिरवतात, शब्द फिरवतात. कुठल्याही वकिलाला विचार. मी तुझी सूचना मोडली असं कोणी म्हणू शकणार नाही, मी ती जरा जास्त पाळली.

आणि हे मी आपणहून केलं नाही, तुझ्या अब्रूसाठी केलं. रविवारी सकाळी वजनकाट्यामागच्या मोकळ्या मैदानात आम्हा गाडीवेड्यांचा अड्डा जमतो, हे तुला ठाऊक आहे. तिथली एकही गाडी आईबापांनी दिलेल्या इंजिनावर चालत नाही. पाववाल्याने त्याच्या पावाच्या टपरीगाडीत शर्यतीच्या गाडीचं इंजिन घातलंय. त्यामुळे पाव घरोघरी अर्धा तास आधी पोचतो, पण चपटा होऊन. गणिताच्या सरांनी गवत कापायच्या यंत्राचं इंजिन तीनचाकीला लावलं, ती गाडी अजूनही गवत दिसलं की हळू होते. आणि दातांचा डॉक्टर. त्याने जीपमध्ये ट्रकचं इंजिन घातलंय आणि ते इतकं उंच आलंय की त्याला पुढचा रस्ता दिसत नाही, तो आठवणीवर चालवतो. तर या दातवाल्याने एका रविवारी सगळ्यांदेखत मला विचारलं, "काय रे नट, मामाची गाडी चढावर आली की पायी चालणारी माणसं हॉर्न वाजवतात म्हणे?" (मला नट म्हणतात ते पान्याने पिळायचा तो, की नाटकातला तो, यावर घरात अजून एकमत नाही. आई म्हणते दोन्ही, आणि दोन्ही ढिले.) सगळे हसले. मीही हसलो, कारण खरंच तसं होतं. तुझी गाडी चढावर लागली की मी सवयीने मागे वळून 'दादा, तुम्ही पुढे व्हा' म्हणतो. पण घरी येताना हसू थांबलं. माझ्या मामाला कोणी हसावं? मी सोडून?

भंगारवाल्याकडे एक रुग्णवाहिका आली होती, पुढून चेचलेली, पण आतलं इंजिन गुलाबासारखं. मी ऐकूनच हरखलो. जे इंजिन आयुष्यात कधी कोणासाठी लाल दिव्याला थांबलं नाही ते आपल्या म्हातारीत बसवायचं. मिस्त्री महिनाभर मुलीकडे गेले होते आणि गॅरेजची किल्ली माझ्याकडे होती. (जगातले निम्मे घोटाळे माझ्याकडे किल्ली असल्याने होतात.) इंजिन टांगायचा साखळीचा कप्पी-घोडा तिथून उचलून तुझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणला, आणि मदतीला थिअरीला घेतलं. थिअरी म्हणजे तो उंच, चष्मेवाला, माझ्या वर्गातला. त्याने जन्मात एक बोल्ट पिळला नाही, पण सगळ्या बोल्टांची मापं त्याला तोंडपाठ आहेत. तुझ्या गाडीचं इंजिन शेपटीत, मागच्या चाकांच्याही मागे. रुग्णवाहिकेचं तिथे लावून बघितलं तर ते हातभर बाहेर आलं, गाडीला पिल्लू होतंय असं दिसायला लागलं. मग मी डोकं लढवलं. म्हटलं, गिअरबॉक्ससकट सगळंच फिरवू. तोंड पुढे, शेपूट मागे. म्हणजे इंजिन मागच्या चाकांच्या अलीकडे, सीटच्या जागेत येईल. झकास मावलं. थिअरी चष्मा पुसत नुसता बघत होता. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

आणि नेमकं त्याच दुपारी मामीच्या ऑफिसात पाण्याची मोटर जळाली म्हणून त्यांना लवकर सोडलं. मी गाडीखाली. इंजिन साखळीला लटकलेलं. तुझी मागची सीट भिंतीला टेकवून ठेवलेली आणि तिच्यावर थिअरी बसून केळं खातोय. मला फक्त मामीचे बूट दिसले. ते बूट गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारून माझ्या डोक्यापाशी थांबले.

"बाहेर ये," मामी म्हणाली. मी आलो. "हे काय आहे?"

मामा, मी खरं सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण माझ्या तोंडाची सवय अशी की ते उघडलं की आधी जवळचं काय असेल ते बाहेर पडतं. मी म्हटलं, "मामानेच सांगितलंय. तुझ्यासाठी. गाडी ठीकठाक करून तुला शिकवायला."

मामी हसली. म्हणजे तोंडाने नाही, नाकाने. "तुझा मामा? घरी आला की मला माझ्याच स्वयंपाकघरात कांदा चिरू देत नाही तो. लग्न झालं त्या वर्षी विचारलं होतं मी, मला गाडी शिकवतोस का म्हणून. 'बघू' म्हणाला. एकोणीस वर्षं बघतोय." मग हात पुढे केला. "लेखी आहे का काही?"

आता ये दुसऱ्या सूचनेकडे. तुला आठवत असेलच, पण तू ती चिठ्ठीवर कशी लिहिली होतीस ते आठवत नसेल. 'मामीला गाडीला हात लावू दे' इथपर्यंत एका खाली एक ओळी, 'दे'पाशी ओळ संपली, तू आडवी रेघ मारलीस, आणि अगदी तळाला, सुतळीच्या भोकाशेजारी, उरलेलं लिहिलंस. 'ऊ नकोस.' मी खिशातून किल्ली काढली आणि चिठ्ठी मामीच्या डोळ्यांपुढे धरली. खालच्या कडेवर माझा अंगठा होता. अंगठा माझा, ग्रीस गाडीचं, अक्षर तुझं. तिघांनी मिळून जे केलं त्याचं पाप एकट्याच्या डोक्यावर घालू नकोस.

मामीने वाचलं. 'इंजिन फिरवत जा. मामीला गाडीला हात लावू दे.' मग चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि परत वाचलं. माझी खात्री होती की आता ती म्हणणार अंगठा काढ. ती म्हणाली, "ही मला दे." मी म्हटलं खालची कड खराब झालीय, ग्रीस लागेल तुझ्या पर्सला, आणि तेवढी पट्टी टर्रकन फाडून खिशात घातली. तिने उरलेल्या कागदाची घडी घातली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, जिथे ती तुझं आलेलं शेवटचं पत्र ठेवते. आणि जाता जाता थिअरीला म्हणाली, "सालं कचऱ्याच्या डब्यात टाक." बस. इंजिनाबद्दल एक शब्द नाही. मी एवढा घाबरलो होतो की त्या दिवशी मी दोन वेळा तुझ्या शेडमध्ये झाडू मारला.

चार दिवसांनी सगळं जोडून झालं आणि इंजिन सुरू झालं. आवाज काय सांगू, पोट भरलेल्या वाघाने झोपेत कूस बदलावी असा. मामी दाराशेजारी, हात बांधून उभी. मी ऐटीत बसलो, पहिला गिअर टाकला, शेडच्या उघड्या दाराकडे बघितलं आणि क्लच सोडला. मामा, गाडी मागे गेली. मागे शेडचा पत्रा, पत्र्याला लागून न्हावीकाकांच्या दुकानाची मागची भिंत. पत्रा गेला, भिंतीच्या विटाही थोड्या गेल्या, आणि मी मागे वळून बघतो तर आरशापुढे एक गिऱ्हाईक अर्ध्या गालाला फेस लावून माझ्याकडे बघतंय. ते तसंच उठून पळालं. परवा बाजारात दिसलं, त्याने आता दाढी ठेवलीय. (भिंत मी स्वतः बांधून दिली. न्हावीकाका म्हणतात आधीपेक्षा सरळ आहे. कोणालाच खरचटलं नाही, गाडीलासुद्धा नाही, तिच्या मागच्या बाजूला आता मोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.)

मी दुसरा टाकून बघितला, मागेच. तिसरा आणि चौथाही मागे. रिव्हर्स टाकला तेव्हा म्हातारी खोकली आणि मुंगीच्या पावलाने पुढे निघाली.

"हे असं होणारच होतं," थिअरी म्हणाला. "पंखा उलटा धरला की तो उलटा फिरतो, तसंच आहे. गिअरबॉक्स फिरवला की चाकं उलटी फिरणार. आतलं मोठं दातेरी चाक डाव्या अंगाचं उजव्या अंगाला लावायला हवं होतं."

"मग आधी का नाही बोललास?"

"तू विचारलंच नाहीस."

त्याच्या हाती मागचं केळ्याचं साल असतं तर मी ते त्याच्या तोंडात घातलं असतं. गिअरबॉक्स फोडायला लागतो तो जड हत्यारांचा संच मिस्त्रींच्या कपाटात कुलपात होता (तेवढीच एक किल्ली त्यांनी मला दिली नव्हती, माणूस अनुभवी आहे), आणि मिस्त्री यायला तीन आठवडे होते. मी चाकापाशी डोकं धरून बसलो. मामी जवळ आली. म्हणाली, "म्हणजे हिला मागे जायचे गिअर चार आणि पुढे जायचा एक?" मी मान हलवली. मग तिने मला जे सांगितलं ते, मामा, तुला माहीत नाही आणि पुढेही माहीत नाही असंच तू वागायचं आहेस. तू समुद्रावर असताना ती दोनदा गाडी शिकायच्या शाळेत गेली होती. दोनदा परीक्षा दिली. दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा गाडी मागे घेताना. "पुढे मला येतं," ती म्हणाली. "पुढे कोणालाही येतं. मला हीच गाडी पाहिजे. अशीच."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला ती बुटाच्या नाड्या आवळून शेडच्या दारात हजर. वजनकाट्यामागच्या मैदानात मी रिकामी पिंपं मांडायचो आणि ती त्यांच्यामधून मागे जायची. पहिल्या दिवशी सात पिंपं पडली, दुसऱ्या दिवशी नऊ (तिला वाटलं नऊ म्हणजे प्रगती). आठवड्याने एकही पडेना. पंधरवड्यात ती तिसऱ्या गिअरमध्ये, एक हात शेजारच्या सीटच्या पाठीवर, मान मागे वळवून अशी जायची की पाववाला गाडी थांबवून बघायचा. मला म्हणाली, "अरे, मागे बघून चालवायचं असेल तर बायकांएवढा सराव कोणाला आहे? आमचं अर्धं आयुष्य मागचं आवरण्यात जातं." आणि रविवारी दातवाला आला. त्याने तोंड उघडायच्या आत मामीनेच त्याला सांगितलं, "डॉक्टर, वजनकाट्यापासून त्या झाडापर्यंत. तुम्ही सरळ या, मी उलटी येते." मामा, ती झाडापाशी पोचली, उतरली, गाडीला टेकून उभी राहिली, आणि मग दातवाला आला. त्याला झाड दिसलं नाही, कारण त्याला काहीच दिसत नाही. त्या दिवसापासून तो मला 'काय नटराव' म्हणतो.

मग परीक्षा. परवाना ऑफिसातले साहेब जाड, घामेजलेले, मिशीत पेन्सिल अडकवतील असे. ते मामीच्या शेजारी बसले आणि त्यांची कागदांची बॅग त्यांनी मागे टाकली. मागे आता तुझी सीट नाही, इंजिनावर मी लाकडी पेटी बसवलीय आणि तिच्यावर तुझ्या सीटची गादी ठोकलीय, म्हणजे बघणाऱ्याला सीटच वाटते. (हिवाळ्यात मागे बसणाऱ्याला फुकटचा शेक. तुझ्या कंबरेसाठी उत्तम.) मैदानाला पुढे एक चक्कर मारायची होती. पुढचा गिअर एकच, त्यामुळे लोकांना दोन मिनिटं लागतात तिथे मामीला अकरा लागली. मी कुंपणाबाहेरून बघत होतो, साहेब दोनदा जांभई देताना दिसले. पण त्यांनी कागदावर काय लिहिलं ते मामीने वाचलं: चालवणं अत्यंत जबाबदारीचं. मग म्हणाले, "आता रिव्हर्स टाका आणि खांबांमधून मागे घ्या." मामीने पहिला टाकला. साहेबांनी दांडीकडे बघितलं, 'अहो बाई' म्हणायला तोंड उघडलं, तोपर्यंत गाडी पाण्यातल्या मासोळीसारखी खांबांमधून मागे जाऊन उभीही राहिली होती. साहेबांनी दांडीकडे बघितलं, खांबांकडे बघितलं, मग आपल्या कागदाकडे. वीस वर्षांच्या नोकरीत आपल्याला काही कळलं नाही असं म्हणायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते म्हणाले, "पुन्हा एकदा दाखवा." ते परीक्षेसाठी नव्हतं, त्यांना बघायचं होतं. उतरताना त्यांनी बॅग उचलली आणि दचकले. "ही एवढी गरम कशी?"

"घरातलंच एक माणूस आत्ता उठलंय तिथून," मामी म्हणाली.

पास. पहिल्या नंबराने असं काही त्या परीक्षेत नसतं, पण असतं तर तेच.

बाहेर आल्यावर ती लगेच निघाली नाही. नुसती चाकावर हात ठेवून बसली. मला वाटलं मला शाबासकी मिळणार, मी केस नीट केले. ती म्हणाली, "मी एकदाच विचारलं होतं रे त्याला. एकोणीस वर्षांत एकदाच. त्याच्या लक्षात कसं राहिलं असेल?"

मामा, मी जन्मात पुष्कळ खोटं बोललो. गणिताच्या वहीपासून सुरुवात आहे. पण त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं की आपण इंजिनापेक्षा काहीतरी मोठं उलटं बसवून ठेवलंय, आणि ते सुलट करायचं हत्यार मिस्त्रींच्या कपाटातसुद्धा नाही. मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "मामाचं असंच असतं, बोलत नाही." हे निदान खरं आहे.

मिस्त्री आले, त्यांनी गाडी बघितली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा हसले असं त्यांची बायको म्हणते. मग मला दोन शिव्या देऊन एका दुपारीत ते दातेरी चाक डावीकडचं उजवीकडे लावून दिलं. आता म्हातारीला चार गिअर पुढे आणि एक मागे, माणसासारखे. चढावर अशी जाते की पायी चालणारे आता खरंच बाजूला होतात. मामी पहिल्याच दिवशी चौथ्यात गेली. म्हणाली, पुढे जाणं इतकं सोपं असतं हे कोणी सांगितलंच नव्हतं, मान दुखत नाही.

तर अठरा तारखेला तुझं जहाज लागेल तेव्हा बंदराच्या फाटकापाशी तुझी गाडी उभी असेल, आणि चाकामागे मी नसेन. तिला तुला चकित करायचंय. म्हणून नीट लक्ष देऊन वाच. तू चकित व्हायचं, पण फार नाही, कारण शिकवायला तूच सांगितलं होतंस. 'पास झालीस?' असं विचारायचं, 'तू चालवतेस?' असं नाही. 'सरक, मी घेतो' हे तीन शब्द जहाजावरच सोडून ये. शेजारच्या सीटवर बसायचं, पाय आपोआप ब्रेक शोधायला लागले तर बूट काढून मांडी घालून बसायचं. आणि तिने पर्समधून ती चिठ्ठी काढून दाखवली की, मामा, तू फक्त एकदा मान हलवायची. बोलायचं काही नाही, तसंही तू बोलत नाहीस.

सगळ्यांचा नमस्कार. कप्तानालाही सांग.

तुझा लाडका (होतो),
नट

ता. क. सामान कमी आण. पुढच्या डिकीत आता रेडिएटर बसलाय. रुग्णवाहिकेचा सायरन मी काढून टाकलाय. बहुतेक. हॉर्न दाबताना एकदा कानावर हात ठेव.

ता. क. दुसरा. तुझं जुनं इंजिन तेल लावून, रजईत गुंडाळून माझ्या पलंगाखाली ठेवलंय. दर रविवारी मी त्याला हाताने चार वेढे देतो. पहिली सूचना शब्दशः पाळतोय. आई म्हणते खोलीत कसला वास येतो, मी म्हणतो अभ्यासाचा.

ता. क. तिसरा. हे पत्र पोस्टात टाकायला मामीच निघालीय, गाडीने. पाकीट मी डबल डिंक लावून बंद करतोय. आत्ता दारातून विचारत होती, "एवढं काय लिहितोस मामाला?" मी म्हटलं तब्येतीची चौकशी. मग म्हणाली, "तुझ्या मामाची ती सवय गेली नाही अजून, नाही का? शब्द मोडून खालच्या ओळीत न्यायची. 'दे'च्या पुढे रेघ आहे बघ त्या चिठ्ठीवर." मी म्हटलं असेल, सहीची वगैरे. ती म्हणाली, "हो, सहीचीच असेल," आणि किल्ली बोटावर गरागरा फिरवत गाडीकडे गेली, शीळ घालत. मामा, मला वाटतं तिला माहीत आहे. कधीपासून ते विचारायची माझी छाती नाही. पण ती काही म्हणत नाही, मी काही म्हणत नाही, तेव्हा आता तिसरा माणूस तूच उरलास.

तो फाडलेला तुकडा इतके दिवस मी खिशात घेऊन हिंडतोय, कपडे धुताना दोनदा वाचला. आता माझ्याकडे ठेववत नाही. त्याचा तू मामीसाठी नको तसा उपयोग केला होतास, मी बरा करतो. खाली डिंकाने चिकटवलाय, माझं वाक्य तुझ्या अक्षराने पुरं होईल. वाचून झालं की सगळं पत्रच समुद्रात टाक. मामा, पाया पडतो, उरलेली तीन अंगंसुद्धा कुठून तरी शोधून टेकतो, पण यातलं अक्षरही कोणाला कळू दे-

ऊ नकोस.